आधी भरतीचं वेळापत्रक, मग तिकिटं: चार रात्रींत, बेताच्या खर्चात कुटुंबाला प्रवाळ दाखवायचे तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि पासष्टीची आजी. हाताशी चार रात्री. पैसे बेताचे, म्हणजे बोटीची एक सफर जमेल, दुसरी नाही. आजीला पोहता येत नाही आणि मुलाने समुद्रात अजून डोकं बुडवलेलं नाही. अशा कुटुंबाने प्रवाळ बघायला कुठे आणि कधी जावं, बोट घ्यावी की नाही, आणि काय विकत घ्यावं?

मी अठरा वर्षं लोकांना स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघण्यासाठी, रीफवर, म्हणजे प्रवाळांच्या खडकावर उतरवते आहे. असं एखादं कुटुंब दर महिन्याला भेटतंच. जवळजवळ सगळ्यांनी कामं एकाच क्रमाने केलेली असतात: आधी विमानाची स्वस्त तिकिटं, मग खोली, मग बोट, आणि समुद्राची चौकशी तिथे पोचल्यावर. माझा क्रम उलटा आहे. पाणी कधी भरतं ते आधी बघा, मग पाण्यापर्यंत चालत जाता येईल अशी खोली शोधा, तिकिटं त्यानंतर काढा. बोट सगळ्यात शेवटी, आणि ती घ्यायलाच हवी असं मुळीच नाही.

बोटीचं गणित आधी उलगडते, कारण बजेट तिथेच फुटतं. दिवसभराची सफर म्हणजे जाहिरातीत आठ तास. त्यातले तीन-साडेतीन तास जाण्यायेण्यात गेले. मग सूचना, साहित्याचं वाटप, जेवण, आधीची तुकडी पाण्याबाहेर येईपर्यंत थांबणं. प्रत्यक्ष पाण्यात मिळतात दीड ते दोन तास. सहा वर्षांचं पोर एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे टिकत नाही, आजी उतरणार नाही, आणि मुलापाशी एक मोठं माणूस कायम लागणार. म्हणजे तिकिटं पाच, पण धड रीफ बघणारी माणसं दोन, फार तर अडीच. सफरीच्या एकूण किमतीला पाण्यातल्या तासांनी भागून बघा, तेही जे खरोखर पाण्यात असतील त्यांच्याच तासांनी. तो आकडा कागदावर आला की बहुतेक घरांत चर्चा तिथेच संपते.

किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येईल अशी रीफ मिळाली, तर त्याच पैशांत चार सकाळी मिळतात. मग एक सकाळ वाऱ्यात गेली तरी सहल वाया जात नाही. मुलं पहिल्या दिवशी घाबरतात, दुसऱ्या दिवशी कुरकुरतात आणि तिसऱ्या दिवशी पाण्यातून निघायला तयार नसतात. एका दिवसाच्या बोटीवर तुम्हाला फक्त तो घाबरण्याचा दिवस मिळतो.

आता कुठे जायचं. भूगोलात तीन प्रकार शिकवतात, डार्विनने १८४२ मध्ये केलेली वर्गवारी अजून तीच आहे: किनाऱ्याला चिकटून वाढणारी रीफ, मधे पाणी सोडून दूर बांधासारखी उभी असलेली, आणि बांगडीसारखी गोल, म्हणजे कंकणद्वीप. तुम्हाला पहिल्या प्रकाराशी मतलब आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेची ग्रेट बॅरिअर रीफ सुमारे २,३०० किलोमीटर लांब आहे, पण केर्न्सच्या किनाऱ्यावर उभं राहून तिच्यातलं काही दिसत नाही. बाहेरच्या रीफवर जायला जलद बोटीलाही दीड-दोन तास लागतात. मात्र त्याच किनाऱ्यावर टाउन्सव्हिलसमोर मॅग्नेटिक आयलंड आहे. तिथे साध्या फेरीने जाता येतं आणि नेली बे, जेफ्री बे या खाड्यांत वाळूवरून चालत जाऊन स्नॉर्केलिंग करता येतं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला निंगालूची रीफ काही ठिकाणी किनाऱ्यापासून पोहण्याच्या अंतरावर आहे. तांबड्या समुद्रावर इजिप्तमधल्या दहाब आणि मार्सा आलमला रीफ थेट किनाऱ्यालाच लागते. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड ठेवलेत. दगड दिसला की गाडी लावा आणि पाण्यात उतरा. मालदीवमध्ये २००९ नंतर वस्ती असलेल्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली, तेव्हापासून महागड्या रिसॉर्टशिवायही बेटाच्या अंगणातली रीफ बघता येते. हे सगळं उदाहरणादाखल. ठिकाण कुठलंही निवडा, प्रश्न एकच विचारायचा: खोलीतून निघाल्यापासून किती मिनिटांत पहिला प्रवाळ दिसेल? ‘तिथून बोटी सुटतात’ असं उत्तर आलं की ते ठिकाण तुमचं नाही.

किनाऱ्याजवळची उथळ रीफ म्हणजे गरिबाची रीफ, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाचेक मीटर खोल गेलं की लाल जवळपास संपतो आणि सगळं निळसर राखाडी दिसायला लागतं. म्हणून पंधरा मीटरवरचे पाणबुडे टॉर्च घेऊन फिरतात. तुमची मुलगी दोन मीटर पाण्यावर तरंगत त्यांच्याहून जास्त रंग बघेल, तेही फुकट.

आता भरती-ओहोटी. इथे जरा रेंगाळते, कारण सहल बिघडते ती इथे.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. छोट्या सहलीत याचा अर्थ फार कठोर होतो. पहिल्या सकाळी दहाला पूर्ण ओहोटी असेल तर दुसऱ्या दिवशी ती १०.५०ला, तिसऱ्या दिवशी ११.४०ला. म्हणजे सगळ्या सकाळी गेल्या. संध्याकाळी पाणी भरेल तेव्हा वारा उठलेला. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब माझ्याकडे आलं ते पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, स्वस्त तिकिटं बघून. सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो तेव्हा रीफचा सपाट माथा दोनशे मीटरपर्यंत उघडा पडला होता, खळग्यांत घोटाभर पाणी. धाकट्या मुलीने विचारलं, “समुद्र कुठे गेलाय?” तीन दिवस जवळपास तसेच गेले. शेवटच्या दुपारी खवळलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं उतरलो. चूक माझीही होती. तारखा कळवल्या तेव्हाच मी त्यांना सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी तारखा विचारायच्या आधी तिथी बघते.

तुम्हाला हवी ती स्थिती अशी: भरती पूर्ण होण्याची वेळ सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान. पाण्यात उतरायचं ते भरतीच्या तास-दीड तास आधी आणि बाहेर यायचं ते पाणी उतरायला लागता लागता. चढत्या भरतीत बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, गढूळपणा कमी असतो, आणि मुलांचे गुडघे प्रवाळांपासून लांब राहतात. माथ्यावर निदान कमरेएवढं पाणी असल्याशिवाय मी कुणाला उतरवत नाही. त्याहून कमी असलं की माणूस घाबरून उभं राहतो, आणि उभं राहतो ते प्रवाळावर.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी आणि ओढही कमी. लहान मुलं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवस सुचवते. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: एका विशिष्ट किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दिवसाच्या जवळपास त्याच वेळी येते. कुठे ती दुपारी बाराच्या सुमारास, कुठे सकाळी सहाच्या. एकदा त्या किनाऱ्याचं हे वेळापत्रक कळलं की पुढच्या वर्षीच्या तारखाही डोळे मिटून काढता येतात. भरतीचे तक्ते वर्षभर आधी प्रसिद्ध होतात आणि मोबाइलवर फुकट मिळतात. तांबडा समुद्र आणि कॅरिबियन इथे मात्र चढ-उतार बहुतेक ठिकाणी जेमतेम फूट-दोन फुटांचा असतो. तिथे भरतीपेक्षा वाऱ्याकडे बघा.

ओहोटीचा दुसरा धोका दिसत नाही म्हणून जास्त वाईट. रीफ आणि किनारा यांच्यामध्ये साठलेलं पाणी परत जाताना भिंतीतल्या फटींतून बाहेर पडतं. फटीजवळ ओढ एवढी असते की दणकट पोहणाराही मागे येऊ शकत नाही. निंगालूच्या टर्क्वॉइज बेमध्ये लोक मुद्दाम प्रवाहाबरोबर वाहत जातात, पण वाळूच्या दांड्याच्या आधी बाहेर पडावंच लागतं, कारण पुढे तीच फट आहे. कुठल्याही नव्या किनाऱ्यावर पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहा. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मधेच एक गडद शांत पट्टा आहे? ती फट. मुलांना तो पट्टा ‘छान शांत पाणी’ वाटतो.

वाऱ्याचं सोपं आहे. दिवस चढतो, जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून सकाळ. किनाऱ्यावरून पाण्यावर पांढरे फेस ठिकठिकाणी दिसायला लागले की वारा दहाएक नॉटच्या पुढे गेलाय, लहान मुलांचा त्या दिवसाचा समुद्र संपला. बेटावर असाल तर वाऱ्याच्या आडोशाची बाजू शोधा. एका बाजूला खवळलेलं आणि दुसऱ्या बाजूला काचेसारखं पाणी असणं नेहमीचं आहे.

हंगामाबद्दल फार बोलत नाही, ते ठिकाणागणिक बदलतं. चक्रीवादळांचे आणि मोसमी पावसाचे महिने टाळा. उत्तर ऑस्ट्रेलियात साधारण नोव्हेंबर ते मे या काळात घातक जेलीफिश असतात, तेव्हा तिथे अंगभर सूट लागतो. हंगामाच्या अगदी मधोमध न जाता त्याच्या दोन्ही टोकांना गेलात तर खोल्या स्वस्त पडतात आणि पाणी सहसा तसंच असतं. मात्र एक चौकशी नक्की करा: प्रवाळ पांढरे पडलेत का? नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद अंशाने काही आठवडे वर राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतली रंगीत शेवाळं बाहेर टाकतात आणि पांढरेफटक पडतात. यालाच विरंजन म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातली चौथी मोठी विरंजनाची लाट जाहीर झाली. अमेरिकेच्या नोआ संस्थेचा कोरल रीफ वॉच विभाग समुद्राच्या तापमानाचे नकाशे रोज फुकट देतो. त्यात साठलेल्या उष्णतेचा आकडा ४ च्या पुढे दिसला तर विरंजनाची शक्यता, ८ च्या पुढे असेल तर प्रवाळ मरण्याची. अशा वेळी तिथल्या माणसाकडून गेल्या पंधरवड्यातला फोटो मागवा. जाहिरातीतला फोटो दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो.

साहित्यात पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, यावर माझं मत ठाम आहे. मास्क विकत घ्या, बाकी भाड्याने चालेल. मास्क चेहऱ्याचा असतो, कुटुंबाचा नव्हे. पट्टा डोक्यावर न घेता मास्क चेहऱ्याला लावा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर महागडा असला तरी परत ठेवा. मुलांना मुलांचेच मास्क हवेत. मोठ्यांचा मास्क पट्टा आवळून बसवला की कडेने पाणी शिरतं आणि पोर त्या दिवसापुरतं हातचं जातं. मिशीवाल्या वडिलांसाठी: नाकाखालची एक बारीक रेघ काढून टाका. पाणी तिथूनच शिरतं. मी हे सांगितलं की हसतात, आणि दुसऱ्या दिवशी रेघ काढून येतात.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक अदृश्य थर असतो, त्याने मास्क सारखा धुकट होतो. घरीच साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून बोटाने चोळून दोन-तीनदा धुवा. जेलवाली पेस्ट नको. पाण्यात उतरण्याआधी बेबी शॅम्पूचा एक थेंब फिरवून विसळायचा. तोही नसला तर थुंकी, जगभरचे पाणबुडे तेच करतात.

अख्खा चेहरा झाकणारे मास्क नवख्यांना आवडतात, कारण त्यात नाकाने श्वास घेता येतो. मी मुलांना देत नाही. श्वास सोडलेली हवा आत साठू शकते, आणि घाबरल्यावर तो चटकन काढता येत नाही. मोठ्या माणसाची लांब, जाड नळीही मुलाला देऊ नका; त्याच्या छोट्या श्वासाला तीच वापरलेली हवा परत परत मिळते. चष्मेवाल्यांना नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात. नंबर हलका असेल तर साध्या मास्कनेही भागतं, कारण पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात.

सनस्क्रीनऐवजी पैसे पूर्ण बाह्यांच्या पोहण्याच्या शर्टात घाला. स्नॉर्केलिंगमध्ये भाजते ती पाठ, मान आणि गुडघ्यामागची पोटरी. हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळांना घातक मानलेली रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली, पलाऊ या बेटदेशाने त्याआधी वर्षभर. उघड्या राहणाऱ्या भागाला झिंक ऑक्साइडवालं लावा. शर्टाचा दुसरा फायदा म्हणजे ऊब. पाणी हवेच्या पंचवीसएक पट वेगाने अंगातली उष्णता खेचतं. २८ अंशांच्या पाण्यातही लहान मुलाचे ओठ अर्ध्या तासात निळे पडतात. ‘मला थंडी वाजत नाहीये’ हे वाक्य दात वाजत असताना ऐकलंत तर टॉवेल घ्या, वाद घालू नका.

सराव घरी करा, किनाऱ्यावर नाही. टबात नाहीतर बादलीत पाणी, मुलाच्या चेहऱ्यावर मास्क, तोंडात नळी, आणि तळाशी टाकलेली नाणी मोजायची. आधी नळीतून श्वास घेत नुसतं बसायचं, मग चेहरा बुडवायचा. मुद्दाम नळीत थोडं पाणी जाऊ द्या आणि ‘फू’ करून उडवायला शिकवा. दोन आठवडे, रोज दहा मिनिटं. नळीत पाणी गेल्यावर काय करायचं हे शरीराला माहीत असलं की भीतीचं निम्मं कारण संपतं. जवळ तरणतलाव असेल तर मुलीने तिथे हात न हलवता, फक्त पायांनी पोहण्याची सवय करावी. रीफवर हात पोटाशी ठेवायचे असतात.

पाण्यात तुमची मांडणी अशी ठेवा. एक मोठं माणूस मुलाबरोबर, कायम हाताच्या अंतरावर. लाइफ जॅकेट घातलंय म्हणून लांब जायचं नाही. दुसरं मोठं माणूस मुलीबरोबर, शेजारी-शेजारी, पुढे-मागे नाही. पुढे जाणाऱ्याला मागे काय झालं ते कळत नाही, आणि बुडणारा माणूस ओरडत नाही. मुलासाठी फुगवायचं वर्तुळ किंवा छोटी फळी न्या, तिला दोरी बांधा, दोरी तुमच्या मनगटाला. तो फळीला धरून चेहरा पाण्यात घालील. नळी नको म्हणाला तर नको. श्वास धरून पाच सेकंद बघितलेला मासा हाही मासाच.

आणि आजी? तिच्या हातात घड्याळ आणि शिट्टी द्या. पंचवीस मिनिटं झाली की शिट्टी, सगळ्यांनी बाहेर. गंमत म्हणून नाही सांगत. पाण्यात वेळ कळत नाही, आणि किनाऱ्यावरून सलग बघत राहणारं माणूस ही खरी सुरक्षा आहे. आईबापांचं मुलं ऐकत नाहीत, आजीच्या शिट्टीचं ऐकतात.

तिला प्रवाळ दाखवायचे असतील तर काचेच्या तळाची बोट बघा. तिच्या तासाभराच्या फेरीचे पैसे दिवसभराच्या सफरीच्या मानाने थोडे असतात. आणि हिची वेळ तुमच्या वेळेच्या बरोबर उलटी. ऊन डोक्यावर आणि पाणी जरा उतरलेलं असताना जा, म्हणजे प्रवाळ काचेच्या जवळ येतात आणि पृष्ठभागाची चमक आड येत नाही. सकाळी भरतीला मुलं पाण्यात, दुपारी आजी काचेवर. माझ्याबरोबर एक आजी होत्या, सगळा वेळ डोळे मिटून बसलेल्या. बोटवाल्याने एका गोल, दगडासारख्या प्रवाळावर बोट थांबवली. ते पोराइटिस होते, वर्षाला सगळीकडून साधारण सेंटिमीटरभर वाढणारे. मी म्हटलं, “हा मध्यापासून कडेपर्यंत पाऊण मीटर आहे, म्हणजे पंचाहत्तरेक वर्षांचा.” त्यांनी डोळे उघडले, खाली वाकून नीट बघितलं आणि म्हणाल्या, “मग हा माझ्याहून दोन वर्षांनी लहान.”

नाहीच राहवलं आणि दिवसभराची बोट घ्यायचीच असेल, तर पहिल्या पूर्ण दिवसाची घ्या. हवेमुळे रद्द झाली तर पुढे ढकलायला जागा राहते. शेवटच्या दिवशीची रद्द झाली तर गेली. पैसे भरण्याआधी विचारा: पाण्यात प्रत्यक्ष किती वेळ? मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? एका मार्गदर्शकामागे किती जण? सागरी उद्यानाचं शुल्क धरलंय की वेगळं? वाऱ्यामुळे रद्द झाली तर पैसे परत की फक्त दुसरी तारीख? पाण्यात न उतरणाऱ्याला कमी तिकीट आहे का? शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि बऱ्याचदा उत्तर ‘हो’ असतं. बोट लागणाऱ्यांनी औषध निघण्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यावं, मुलांचा डोस डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेलं औषध माशांच्या पोटात जातं.

खोलीबद्दल दोनच गोष्टी. स्वयंपाकाची सोय असावी, आणि रीफपर्यंत ओल्या कपड्यांनी चालत जाता यावं. समुद्राचा देखावा नको; तो तुम्ही रोज सकाळी आतून बघणार आहात. स्वस्त खोली लांब घेतली तर फरक गाडीभाड्यात निघून जातो, आणि सहाला उठून नऊची भरती गाठणं मुलांसह जमत नाही.

पाण्यात काय बघायचं हे ठरवलेलं असेल तर मुलं जास्त टिकतात. माझी यादी छोटी आहे. कान देऊन ऐका: सगळीकडून तडतड येते ती छोट्या कोळंबीच्या चिमट्यांची. मधेच करकर आवाज आला तर पोपट मासा प्रवाळ खरवडतोय. त्याच्या मागे थांबलात तर पोटातून वाळू सोडताना दिसेल, आणि ज्या वाळूवर तुम्ही टॉवेल टाकलाय तिच्यातली बरीच अशीच तयार झालेली आहे. निळ्या पट्ट्याचा छोटा सफाई मासा एका जागी थांबून मोठ्या माशांचं तोंड साफ करतो. तिथे चक्क रांग लागते. समुद्रफुलात राहणाऱ्या विदूषक माशांत सगळ्यात मोठी असते ती मादी. ती गेली की तिचा नर मादी होतो. अकरा वर्षांच्या मुलीला हे सांगा आणि पुढचा तासभर ती काय प्रश्न विचारते ते बघा.

हात लावायचा नाही हा नियम मी मुलांना नीतीच्या नावाने सांगत नाही, कारण सांगते. शंकूच्या आकाराच्या सुंदर शंखात जिवंत गोगलगाय असली तर तिचा डंख जीवघेणा ठरू शकतो. दगडमासा दगडासारखाच दिसतो आणि त्याच्यावर पाय पडला तर वेदना असह्य असतात. पहिला उपाय म्हणजे पाय सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवणं, आणि लगेच डॉक्टर. म्हणून जाड तळव्याचे पाण्यातले बूट, आणि पाय फक्त वाळूवर. प्रवाळाने ओरखडलं तर जखम क्षुल्लक वाटते पण चिघळते. स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन आतले कण काढल्याशिवाय पट्टी लावू नका.

शेवटच्या दिवशी नवरोबांना ‘एकदा स्कूबा करून बघतो’, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल जातो, असं वाटेल, तेव्हा अडवा. एका साध्या डाइव्हनंतर विमानात बसायला निदान १२ तास थांबायला सांगतात, अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८. करायचीच तर मधल्या दिवशी. मुलीलाही हवी असेल तर बहुतेक प्रशिक्षण संस्थांची किमान वयोमर्यादा १० वर्षं आहे, म्हणजे ती बसते. पण पहिल्यांदाच रीफ बघणाऱ्या मुलीने आधी चार सकाळी वरून बघावं, असं मी म्हणेन.

सामान भरताना मुलाचे खिसे उलटे करा. शंख आणि प्रवाळाचे तुकडे तिथे हमखास असतात. बहुतेक सागरी उद्यानांतून ते नेता येत नाहीत, आणि दगडी प्रवाळ सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये असल्यामुळे तळहाताएवढा मेलेला पांढरा तुकडाही सीमाशुल्काच्या टेबलावर अडकू शकतो. खोलीतून निघण्याआधी त्याला तो स्वतःच्या हाताने वाळूवर ठेवून येऊ द्या. यासाठी दहा मिनिटं जास्त धरा, त्याला नेमकी जागा आठवायची असते.